कट्ट्याच्या काकांना, मालवणातल्या छापखान्याकडून

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही स्कूटरला किक मारता. म्हणून हे उघडं पत्र. कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवीलच, आणि तेव्हा स्कूटर जवळ नसली म्हणजे मिळवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आमचा छापखाना बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. सासरे छपाईचे शिशाचे खिळे जुळवायचे. मी २००३ पासून कॉम्प्युटरवर बसते. लग्नपत्रिका, देवस्थानांची पावती पुस्तकं, आंब्याच्या पेट्यांची लेबलं आणि तुळशीचं लग्न झालं की दशावताराची हँडबिलं. हे सगळं पेंटियम फोरवर, विंडोज एक्सपीत, पेजमेकर ७ या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममध्ये. पेजमेकर ७ आला २००१ साली, त्यानंतर पुढचा आलाच नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ला बंद झाला. आम्ही तरीही त्यावरच काम करत राहिलो, कारण मशीनच्या मागे पॅरलल पोर्टला, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या रुंद पोर्टला, किल्लीसारखं एक जांभळं डोंगल लावलेलं. ते असेल तरच आमचं मराठी फॉन्टचं पॅकेज उघडतं.

तौक्ते वादळाच्या वेळी पत्रे उडत होते तेव्हा मी हा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून जिन्याखाली ठेवला होता. तेव्हा वाचला. आणि गेल्या मिरगात, एका साध्या विजेला, बसला.

मग सल्ले सुरू झाले. एका दुकानदाराने मशीन उघडूनही न बघता "म्युझियमला द्या" म्हणून सांगितलं. पुण्याचा भाचा म्हणाला, नवा लॅपटॉप घे, त्याच्या पोटात एक्सपी चालवून देतो. चालवलंही त्याने. पण लॅपटॉपला तो रुंद पोर्ट कुठला? यूएसबीचा कन्व्हर्टर आणला, तर त्याला प्रिंटर तेवढा कळतो, डोंगल कळत नाही. तिसऱ्याने सगळ्या फाइली युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालतात त्या अक्षरांत, करून देतो म्हणून दहा फाइली नमुन्याला नेल्या. परत आल्या त्यात "दुसऱ्या दिवशी"चं "दुसर्या दिवशी" झालेलं. रफार असा "या"च्या डोक्यावर चढून बसला की मला जेवण जात नाही. आणि जत्रेच्या प्रत्येक हँडबिलात दुसरा दिवस असतोच.

तुमच्याकडे आले ती श्रावणात, भर पावसात, डोंगल प्लास्टिकच्या डब्यात घालून. तुम्ही पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेले, माळ्यावर जुने बोर्ड जपणारे, एवढंच ऐकलं होतं. मी मशीनचं रडगाणं सुरू केलं तर तुम्ही हात वर करून थांबवलंत. "गो बाय, मशीन ऱ्हवांदे. तुका काय चालवचा आसा, ता आधी सांग."

दोन महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

मग तुम्ही डोंगल हातात घेतलंत, चष्मा कपाळावर नेलात आणि पिना डोळ्यांजवळ धरून बघितल्यात. पंचवीसपैकी सात-आठ पिनांवर हिरवी साय धरली होती. आपल्या खाऱ्या हवेत लग्नातली पितळी समईसुद्धा वर्षभरात अशी होते. तुम्ही जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटली काढलीत आणि प्रत्येक पीन वेगळी घासलीत. अर्धा तास. काकींनी दोनदा चहा विचारला, तुम्हाला ऐकूच गेलं नाही. मी दोन्ही वेळा घेतला.

पुढचं सगळं त्या डोंगलच्या मापाने झालं. बोर्ड एच६१ चिपसेटचा, कारण त्यावर २६ पिनांचं पॅरलल पोर्टचं हेडर, म्हणजे पोर्टाची वायर जोडायची जागा, होतं. मी विचारलं, पोर्टाचं कार्ड घालून भागलं नसतं का? तुम्ही म्हणालात, कार्डाला पत्ता भलताच मिळतो, आणि डोंगलवाली जुनी पॅकेजं सहसा ३७८ याच दारावर जाऊन कडी वाजवतात. तिथे कोणी नसलं की परत फिरतात. प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा आय-थ्री. चौथ्या पिढीपासून आतल्या ग्राफिक्सला एक्सपीचे ड्रायव्हर मिळायची पंचाईत, म्हणून तिथेच थांबलात. म्हणजे नवं घ्यायचं, पण फार नवं नाही. मासे घेताना नेमकं उलट करतो आपण.

रॅम ४ जीबी घातलीत आणि स्क्रीनवर आली ३.२४. मी लगेच म्हटलं, काका, मापात पाप? तुम्ही हसला नाहीत. बत्तीस बिटी एक्सपीला चार जीबीपुरतेच पत्ते मोजता येतात आणि त्यातले काही बोर्डावरच्या बाकीच्या वस्तूंना द्यावे लागतात, हे तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर चौकोन काढून समजावलंत. मला एवढंच कळलं की पाप तुमचं नव्हे.

पहिल्यांदा सीडी लावली ती संध्याकाळ विसरणार नाही. निळा स्क्रीन. शेवटी "७बी" असलेला लांबलचक आकडा. मी म्हटलं, मेला. तुम्ही म्हणालात, "मेलो नाय गो, तेका डिस्क गावना नाय." २००१ सालच्या सीडीला एएचसीआय, म्हणजे डिस्कशी बोलायची नवी रीत, माहीतच नाही, म्हणून तिला डिस्क दिसत नाही. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगांत, जाऊन एएचसीआयचं जुनं आयडीई केलंत आणि सीडी पुढे चालायला लागली. एका ओळीचा बदल! मी असते तर त्या निळ्या स्क्रीनवरच मशीन भंगारात दिलं असतं.

एसएसडीची, म्हणजे चिपांवरच्या नव्या डिस्कची, गोष्ट मात्र मला पहिल्या फटक्यात समजली, कारण ती छपाईचीच आहे. एक्सपी डिस्कवरचा आपला वाटा, म्हणजे पार्टिशन, ६३व्या सेक्टरपासून (कप्प्यापासून) सुरू करतो. एसएसडीचं पान आठ सेक्टरांचं, आणि ६३ला आठाने भाग जात नाही. म्हणजे कागद गेजला, मशीनवरच्या कागद टेकवायच्या खुणेला, लागलाच नाही. प्रत्येक मजकूर अर्धा या पानावर, अर्धा पुढच्या पानावर, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पानं पुन्हा छापायची. तुम्ही ती डिस्क आधी दुसऱ्या मशीनला लावून २०४८पासून पार्टिशन पाडून आणलीत. वर पाचवा हिस्सा मोकळा ठेवलात, कारण कुठली पानं पुसली गेली ते एसएसडीला कळवायची रीत एक्सपीला नाही. आमचे सासरेही रीम मोजताना दर हजाराला पन्नास कागद वाया धरायचे.

शेवटी लॅनच्या, म्हणजे इंटरनेटच्या वायरीच्या, भोकात तुम्ही थर्माकोलचा तुकडा बसवलात आणि वर माझ्याकडूनच छापून घेतलेली चिठ्ठी चिकटवलीत: "येथे वायर लावू नये." या मशीनला इंटरनेट नाही, कधीच नाही. पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे छपाईला तयार, फाइल काढायची, पेनड्राइव्हने लॅपटॉपवर न्यायची, पीडीएफ तिथे करायची. आधी मला हा सोवळेपणाच वाटला. मग आमच्याकडे लोक पत्रिकेचा मजकूर आणतात ते पेनड्राइव्ह तुम्ही तपासून दाखवलेत. सातपैकी तिनांत व्हायरस. आता मजकूर आधी लॅपटॉपच्या पडवीत थांबतो, मग आत.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मशीन घरी आलं. डोंगल लावलं, पॅकेज उघडलं. मी मुद्दाम २००४ची एक फाइल काढली, दशावताराच्या हँडबिलाची. हळूहळू खालपर्यंत गेले. "दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत." रफार नाही, काही नाही. तुम्ही मागे उभे राहून विचारलंत, "बरा दिसता मा?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून मी प्रिंट दिली.

एक बोलणं मात्र अजून पचलेलं नाही. जाताना तुम्ही म्हणालात की ह्या कायमचा नाय. बोर्ड दुसरा ठेवलाय, एसएसडी दुसरी घेता येईल, पण डोंगलला जोडीदार नाही, तेव्हा रोज दोन फाइली नव्या फॉन्टात उतरव. खरं आहे. आतापर्यंत ४३ झाल्यात, रोज दोन नाहीत. प्रत्येकीत रफार मी स्वतः बघते, म्हणून उशीर.

आणि पैशाचं. एसएमपीएस (मशीनला वीज देणारा डबा), एसएसडी आणि केबलचे पैसे पावत्या दाखवून घेतलेत, मजुरीला हात लावला नाहीत. हिशेबसुद्धा कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलात. हे मला, छापखानेवालीला, बघवलं नाही. तेव्हा तुमच्यासाठी बिलबुकं केली आहेत: दोन प्रतींची, नंबर घातलेली, पन्नासची दहा. वर तुमचं नाव, खाली त्याच जुन्या फॉन्टात एक ओळ, जी तुम्ही येणाऱ्या प्रत्येकाला सांगता: "दुसऱ्या खेपेची दुरुस्ती फुकट." मजुरीचा रकाना मी मोठा ठेवलाय. पहिलं बिल माझ्या नावाने फाडायचं.

बाइंडिंगचा गोंद या हवेत लवकर सुकत नाही. सोमवारनंतर या, आणि काकींना घेऊन या.

आपली,
छापखान्यातली बाय