घरी घडवलेली गिटार

वाई, दि. १२ जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लागला, कारण गिटार वाजल्याशिवाय तुला लिहायचे नाही असे मी ठरवले होते. परवा रात्री ती वाजली.

बॉडी सागवानाची आहे. आमच्या आळीतला एक वाडा उतरवला, तेव्हा दाराच्या चौकटीचे लाकूड मिळाले. जुने सागवान तेलकट असते, त्यामुळे जोड देण्यापूर्वी ते थिनरने पुसून घ्यावे लागले. एवढे सोडले तर लाकडाने त्रास दिला नाही.

त्रास झाला तो फ्रेटचा, म्हणजे गिटारीच्या मानेवर सूर ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या दांड्यांचा. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर धरली. तिला १७.८१७ ने भागले की पहिल्या फ्रेटचे अंतर ३६.४ मिलिमीटर येते. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागायचे, की दुसरे अंतर मिळते, आणि असे करत बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर, यायला हवा. मी मात्र प्रत्येक अंतर आधीच्या खाचेपासून पट्टीने मोजत गेलो. करवतीची धार दर वेळी केसभर सरकली आणि बाराव्या खाचेपर्यंत अडीच मिलिमीटरचा फरक साचला. खाचा पाडलेली ती लाकडी फळी बाद करावी लागली. दुसरीवर सगळी मापे एकाच टोकापासून घेतली, तेव्हा कुठे सूर जुळले.

पिकअप, म्हणजे तारांचे कंपन टिपून त्याची वीज करणारे चुंबकावरचे वेटोळे, विकत आणावा असे तू सुचवले होतेस. पण सगळ्या गिटारीचा जीव त्यातच असतो, म्हणून तो माझ्याच हातचा हवा असा माझा हट्ट होता. मोटार वायंडिंगच्या दुकानातून ४६ नंबरची इनॅमल तार आणली, ती ०.०६ मिलिमीटर जाडीची, म्हणजे केसाहूनही बारीक असते. तार गुंडाळायची बॉबिन ड्रिलला बसवली, ड्रिलच्या तोंडाशी एक लोहचुंबक चिकटवला आणि त्याच्यासमोर रीड स्विच (चुंबक जवळ आला की आपोआप जुळणारा स्विच) धरून त्याच्या तारा जुन्या कॅल्क्युलेटरच्या ‘बरोबर’ या बटणाला जोडल्या. एकात एक मिळवत ठेवले की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने वाढतो. तार दोन बोटांमध्ये धरून तिचा ताण जाणवत राहायचे, एवढेच काम. पण आकडा ३,१०० वर असताना बोट जरा आवळले गेले आणि ती तुटली. तुटल्याचे हाताला कळलेसुद्धा नाही, फक्त दिव्याच्या उजेडात एक चमकती रेघ हवेत तरंगताना दिसली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून ७,५०० फेरे पुरे केले.

तारा जोडून ॲम्प्लिफायर लावला, तर सुराआधी घरघर ऐकू आली. जॅकच्या धातूला बोट लावले की ती कमी व्हायची, पण वाजवायच्या तारांना हात लावून काही फरक पडत नव्हता. म्हणजे तारा अर्थला जोडलेल्याच नव्हत्या. ब्रिज, म्हणजे तारा टेकतात तो धातूचा भाग, उचलून पाहिला, तर खालचा सोल्डरचा डाग वरून चकचकीत, पण आतून सुटा होता. तो नीट डागल्यावर घरघर पुष्कळ उतरली.

या सगळ्या काळात मला ‘क्वीन’ या रॉक बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांचा मोठा आधार वाटला. १९६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांनी वडिलांबरोबर लंडनजवळच्या घरी गिटार करायला घेतली. नेकसाठी, म्हणजे गिटारीच्या मानेसाठी, जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी घेतले, त्यातली किड्यांची भोके काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली, आणि ट्रेमोलोला, म्हणजे सूर हेलकावणाऱ्या दांडीला, मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बसवल्या. पुढे ‘क्वीन’मध्ये तीच गिटार ते वाजवत राहिले, आणि त्यांच्या शेजारी गाणारा फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. पसरणीचा घाट दिसला की मला हे दोन्ही धागे एकदम आठवतात.

आता उरलेली घरघर. ट्यूबलाइटजवळ गेलो की ती वाढते, कारण पिकअपचे वेटोळे तारांच्या कंपनाबरोबर घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचे चुंबकीय क्षेत्रही टिपते. आत तांब्याचा पत्रा लावला, पण चुंबकीय क्षेत्र त्याने अडत नाही. यावर खरा उपाय गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये काढला होता: शेजारी दुसरे वेटोळे ठेवायचे, त्याचे चुंबक उलटे आणि फेऱ्यांची दिशाही उलटी. त्यामुळे सूर एकमेकांत मिसळतात आणि घरघर मात्र एकमेकांना पुसून टाकते.

त्या दुसऱ्या वेटोळ्यापुरती तार रिळावर शिल्लक आहे. तुझा हात माझ्यापेक्षा हलका, हे डिप्लोमाच्या प्रॅक्टिकलपासून मला माहीत आहे. तेव्हा संक्रांतीला सगळे इकडे या. तार तू धर, ड्रिल मी चालवतो. येताना तुझा मल्टिमीटर तेवढा आण, माझ्या मीटरची एक प्रोब सैल झाली आहे.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश