ट्यूलिप राहू द्या, आधी गुलाब छाटा

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीतला बागकामाचा लेख मी न चुकता वाचते, पण यावेळी हसूच आलं. गळलेली पानं गोळा करा, ट्यूलिपचे कंद लावा, नाजूक झाडं घरात घ्या... अहो पुण्यात सप्टेंबरात कुठली आलीये पानगळ, आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चची, आत्ता तर उलट लागवडीचा सीझन सुरू होतोय!

चार महिने पाऊस झोडपून गेला की कुंडीतलं खत धुऊन जातं, वरची माती घट्ट बसते, खालची भोकं गाळानं नाहीतर मुळांनी बुजतात. त्यामुळे आधी खुरप्यानं माती मोकळी करा, भोकात काडी घालून बघा आणि मूठ-दोन मूठ शेणखत किंवा गांडूळखत घाला. हे नवरात्राच्या आसपास उरकलेलं बरं, कारण एकदा ऑक्टोबर हीट लागली की माती कुंडीची कड सोडते आणि घातलेलं पाणी कडेकडेनं सरळ खाली निघून जातं.

गुलाबाला हात लावायला लोक का घाबरतात कळत नाही. पाऊस थांबला की ऑक्टोबरात वाळक्या, बारीक, एकमेकांत घुसलेल्या फांद्या काढायच्या आणि बाकीच्या साधारण अर्ध्यावर आणायच्या, बाहेर बघणाऱ्या डोळ्याच्या (जिथून नवा फुटवा येतो त्या टिंबाच्या) जरा वर तिरका काप द्यायचा, सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवं, आणि कापाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची) लावायची म्हणजे फांदी वरून वाळत येत नाही. साधारण दीड महिन्यात फुलं, तीही ऐन थंडीत, म्हणजे मोठी आणि टिकणारी. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनात गुलाब बघून नुसतं हळहळण्यापेक्षा हे बरं ना?

शेवंतीचे शेंडे मात्र आता खुडू नका हं, दिवस लहान व्हायला लागले की ती कळ्या धरते, खुडलंत तर कळ्याच जातील. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, म्हणजे ती पांढरी कापसासारखी कीड, दिसला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा आणि मग निंबोळी तेल, पण संध्याकाळी, उन्हात मारलं की पानं करपतात.

मेथी, पालक, मुळा आत्ता पेरून टाका. धणे रगडून दोन फाकी करून पेरा. मटारला मात्र हीट ओसरू दे.

आणि कुंडीखालच्या ताटल्या! दर आठवड्याला नुसत्या ओतू नका, घासा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात. आमच्या सोसायटीत फवारणीवाल्याची वाट बघत बसतात आणि डास गॅलरीतच पाळलेले असतात.

पुढचा लेख पुण्याची हवा बघून छापा, एवढंच.

– एक वाचक, कोथरूड, पुणे