‘30 टक्के गॅस बचत’, पण कशाच्या तुलनेत?

महोदय,

‘30 टक्के गॅस वाचवा’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या शेगड्या आणि बर्नरभोवती बसवायच्या कड्यांच्या जाहिरातींत एक आकडा हमखास गाळलेला असतो : तुलना कोणत्या शेगडीशी? आयएस 4246 या भारतीय मानकानुसार एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे गॅसच्या उष्णतेतला भांड्यात पोचणारा वाटा, किमान 68 टक्के हवी. तिथून 30 टक्के गॅस वाचवायचा तर ती 97 टक्क्यांवर न्यावी लागेल. उघड्या ज्योतीवर हे होणे नाही; तापलेले वायू भांड्याच्या कडेने निसटणारच. 68 वरून 74 टक्के ही उत्तम सुधारणा, पण तिने गॅस वाचतो 8 टक्के, 14.2 किलोच्या सिलिंडरमागे सव्वा किलोसुद्धा नाही.

पाइपगॅसवर (पीएनजी) मात्र एवढी बचत शक्य आहे, कारण तिथे मुळातच घोळ असतो. एलपीजीच्या शेगडीचे जेट (गॅस सोडणारे बारीक छिद्र) मोठे करून तीच पीएनजीवर चालवली जाते. जेट बदलते, हवेचे प्रमाण आणि भांड्याच्या जाळीची उंची एलपीजीच्या ज्योतीसाठी बेतलेलीच राहते. कार्यक्षमता 40 टक्क्यांवरून 55 झाली, तर गॅस 27 टक्के कमी लागतो.

पीएनजीवाल्यांना हे घरीच मोजता येते. मीटरवरचे लाल आकडे म्हणजे लिटर. गीझर व दुसरा बर्नर बंद ठेवून रुंद, झाकणाच्या पातेल्यात 4 लिटर पाणी 30 अंशांवरून 80 पर्यंत तापवा. पाण्याला 200 किलोकॅलरी लागतात. एक घनमीटर गॅसपासून सुमारे 8,500 किलोकॅलरी मिळतात असे धरल्यास 55 टक्के कार्यक्षमतेला 43 लिटर गॅस लागतो, 40 टक्क्यांना 59. तापमान पाणी ढवळूनच बघावे. उकळू देऊ नये, कारण वाफेत गेलेली उष्णता हिशेबात येत नाही. शेगडी थंड असतानाची पहिली मोजणी सोडून द्यावी. पातेले आणि ज्योत तीच ठेवून कडीसह व कडीविना तीन-तीनदा मोजले की दावा कळतो.

खरी भीती वेगळीच आहे. जाळी खाली आणली किंवा कडीने ज्योत वेढली की आकडा सुधारतो खरा, पण बाजूची हवा अडून ज्वलन अर्धवट होते. ज्योत पिवळी पडते, भांड्याला काजळी धरते, कार्बन मोनॉक्साइड वाढतो. मानकात त्याचे कार्बन डायऑक्साइडशी गुणोत्तर 0.02 पेक्षा जास्त चालत नाही. हे घरी मोजता येत नाही. म्हणून बचतीचा दावा छापताना मूळ कार्यक्षमता, नवी कार्यक्षमता आणि हे गुणोत्तर, तिन्ही आकडे विक्रेत्याकडून मागून घ्यावेत.

— एक वाचक, पुणे