हिमनद्यांच्या नोंदीत खंड पडू नये

माननीय संपादक,
सविनय नमस्कार.

हिमनद्या आक्रसत असल्याच्या बातम्या उपग्रहचित्रांसह वरचेवर प्रसिद्ध होतात आणि त्या व्हायलाच हव्यात. मात्र उपग्रहांच्या कितीतरी आधीपासून दरवर्षी डोंगर चढून हे मोजमाप करणाऱ्या स्वयंसेवकांचा त्यांत क्वचितच उल्लेख असतो, म्हणून हे पत्र.

ऑस्ट्रियातील अल्पाइन क्लबचे स्वयंसेवक 1891 पासून हिमनद्या मोजत आहेत. आइसलँडमध्ये 1930 साली हवामानशास्त्रज्ञ योन एयथोर्सन यांनी हिमनद्यांलगतच्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन असे काम सुरू केले आणि 1950 मध्ये स्थापन झालेल्या तेथील हिमनदी संशोधन संस्थेने ते पुढे नेले. उन्हाळा सरताना, नवे हिम पडण्याआधी, खडकावर रंगवलेल्या खुणेपासून ठरलेल्या दिशेने हिमनदीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजायचे आणि ठरलेल्या जागेवरून छायाचित्र घ्यायचे, एवढेच हे काम. टोक मागे हटले की नवी खूण करून तिचे जुन्या खुणेपासूनचे अंतरही टिपावे लागते. ते राहून गेले, तर आधीच्या अनेक वर्षांच्या आकड्यांशी असलेला दुवाच तुटतो.

हिमनदीचे टोक हवामानातील बदलाला लगेच प्रतिसाद देत नाही. त्याला काही वर्षे, मोठ्या हिमनद्यांच्या बाबतीत काही दशकेही लागतात. 1980 च्या सुमारास आल्प्समधील अनेक हिमनद्या पुढे सरकत होत्या. तेवढीच वर्षे पाहणाऱ्याचा निष्कर्ष पार चुकला असता. शंभर वर्षांच्या सलग नोंदींमुळेच तो तात्पुरता टप्पा होता, हे समजते. शिवाय एकटा आकडा फसवा असतो. ऑस्ट्रियातील पास्टर्झ हिमनदी 2022-23 या एका वर्षात 200 मीटरांहून अधिक मागे गेली. अशी मोठी उडी बर्फ वितळल्यामुळे आहे, पातळ झालेला भाग तुटून वेगळा झाल्यामुळे आहे, की टोकापाशी तळे साचल्यामुळे, हे निरीक्षकाच्या शेऱ्यावरूनच नीट उलगडते. उपग्रह विस्तीर्ण प्रदेश टिपतात, त्यांचे मोल वादातीत आहे. पण त्यांच्या नोंदी जेमतेम पन्नास वर्षांच्या आहेत.

मला खरी काळजी वाटते ती वारशाची. अनेक निरीक्षक एकच हिमनदी वर्षानुवर्षे सांभाळतात. ते थकण्याआधीच तरुण सोबत्याने त्यांच्याबरोबर जाऊन खुणा, वाटा आणि धोक्याच्या जागा समजून घ्यायला हव्यात. त्यांच्या वह्या आणि छायाचित्रे संग्रहात जतन करण्याचा खर्च संस्थांनी उचलावा, ही अपेक्षाही रास्त आहे.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. हिमनदीचा आकडा छापताना तो कोणत्या हिमनदीचा, कोणी मोजलेला आणि तेथील नोंदी कोणत्या वर्षापासूनच्या, एवढे कृपया सोबत द्यावे.

आपला नम्र,
एक वाचक