बाबांच्या ऑडिशनवरचे अभिप्राय

ती. बाबा आणि आई,
सा. न.

बाबा, रेडिओ निवेदकाच्या ऑडिशनचं रेकॉर्डिंग आणि तुम्ही जमवलेले श्रोत्यांचे अभिप्राय, दोन्ही मिळाले. तुमचा आवाज रेडिओवर ऐकावासा वाटणारा आहे, हे मी लेक म्हणून नाही, या कामातली म्हणून लिहितेय. हेल्पलाइनवर ताटकळण्याचा विषयही उत्तम निवडलात. तो सगळ्यांनी भोगलेला आहे आणि मुळात कानांचाच आहे. पुन्हा रेकॉर्ड करण्याआधी मात्र अभिप्राय कसे वाचायचे ते ठरवू या. प्रत्येकाचं ऐकून प्रत्येक जागी हात घातलात, तर जे चांगलं जमलंय तेही जाईल.

कुठे बिनसलं, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं. का बिनसलं, हे तो सांगतो ते बऱ्याचदा चुकतं. म्हणून अभिप्रायातली जागा घ्यायची, उपाय आपण शोधायचा.

"शेवट कळला नाही" हे दोघांनी लिहिलंय. त्यावर तुम्ही शेवटी एक खुलासा जोडायचं म्हणताय, तो कृपा करून जोडू नका. हेल्पलाइनवरची धून ऐकून ऐकून पाठ होते, अखेर पलीकडून माणूस बोलतो, आणि तुम्ही त्यालाच थांबवता, कारण तुम्हाला समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचंय. हा विनोद फार छान आहे. पण त्याआधीच्या तीन मिनिटांत तालाचा उल्लेखच नाही. 'सम' हा शब्द अचानक येतो आणि ऐकणारा तो समजून घेईपर्यंत हसायची वेळ निघून जाते. दुरुस्ती शेवटाला नको, दीड मिनिट आधी हवी: "एव्हाना माझी बोटं टेबलावर ठेका धरू लागली होती." एवढं एक वाक्य, तेही सहज, जोर न देता. जमलं तर तिथे टेबलावर बोटांनी खरोखर ठेका वाजवा. कानात ठेका बसला की समेचं वाक्य आपोआप कळेल.

आता ते वाक्यच घ्या. तुम्ही म्हणालात, "मग मी त्याला सांगितलं की तुम्ही एक मिनिट थांबा, कारण मला आधी समेवर यायचं आहे म्हणून." हसू आहे 'सम' या शब्दात, आणि त्यानंतर 'यायचं आहे म्हणून' एवढं शेपूट उरतं. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गमतीचा शब्द बऱ्याचदा मधे अडकतो. त्याच्यामागचे शब्द जितके कमी करता येतील तितके करायचे. "मी म्हटलं, थांबा. सम येऊ दे." बस. यानंतर तुम्ही "म्हणजे मला ती धून इतकी पाठ झाली होती" असं सांगत गेलात, ते सगळं कापा. लिहून काढलेल्या मजकुरात प्रत्येक विनोदाचा मुख्य शब्द अधोरेखित करा आणि त्याच्यापुढे किती शब्द उरतात ते मोजा. दोनतीनपेक्षा जास्त असले, तर वाक्य उलटंसुलटं करून बघा.

"१:४० च्या सुमारास कंटाळा आला" हा अभिप्राय मला सगळ्यांत मोलाचा वाटला, कारण त्यात वेळ आहे. त्या जागी तसं काहीच वाईट नाही. चूक ३५ सेकंद आधी आहे. १:०५ ला तुम्ही 'यासाठी १ दाबा, त्यासाठी २ दाबा' सुरू करता आणि एकेक आकडा करत पार ९ पर्यंत जाता. तिसऱ्या आकड्यालाच ऐकणाऱ्याला साचा कळतो. पुढचे सहा तो फक्त सहन करतो, आणि सहनशक्ती संपते १:४० ला. दोन आकडे सरळ ठेवा, तिसऱ्यावर साचा मोडा आणि पुढे सरका. या भागात काय ठेवायचं हे ठरवायला सोपी कसोटी आहे: समेचं वाक्य कळायला ऐकणाऱ्याला काय माहीत हवं? वाट बघणं चालू आहे, धून पुन्हापुन्हा येतेय, तुम्ही ठेका धरलाय. या तिघांत न बसणारं वाक्य स्वतःच्या बळावर हसवत असेल तर राहू दे, नाहीतर जाऊ दे.

"जरा फास्ट बोलता" असं तिघांनी म्हटलंय. वेग ठीक आहे हो तुमचा. अडचण विरामांची आहे. सभागृहात विनोदानंतरची जागा लोकांचं हसू भरून काढतं. माईकसमोर तिथे निव्वळ शांतता असते, ती अंगावर येते आणि बोलणारा पुढच्या वाक्याकडे पळतो. तुमची पाचही गमतीची वाक्यं अशी पुढच्या वाक्याखाली दबली आहेत. अशा प्रत्येक वाक्यानंतर साधारण एक सेकंद गप्प राहा. तो सेकंद तुम्हाला फार मोठा वाटेल, ऐकणाऱ्याला वाटणार नाही. आणि गमतीच्या शब्दाआधीही अगदी निसटता विराम हवा. कागदावर छोट्या विरामाला एक तिरकी रेघ, मोठ्याला दोन, अशा खुणा करून ठेवा. २:१० ला तुम्ही पान उलटताना नकळत थांबलात ना, तिथलं वाक्य सगळ्यांत जास्त जणांना आवडलंय. कारण तेच आहे.

वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडतो तोही सांभाळा. दम संपत आल्यामुळे क्रियापदं गिळली जातात. वाक्यं एका श्वासात मावतील एवढी करा आणि शक्य असेल तर उभं राहून बोला. पोट दबत नाही, दम पुरतो.

"आवाज लांबून येतो" हे मात्र अक्षरशः खरं आहे. माईक लॅपटॉपच्या पलीकडे ठेवलेला दिसतोय. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून परतणारा आवाज जवळपास तेवढाच राहतो. मग रेकॉर्डिंगमध्ये माणसापेक्षा खोली जास्त ऐकू येते, आणि नंतर आवाज वाढवला तर खोलीही तेवढीच वाढते. माईक तोंडापासून वीतभर, म्हणजे १५ ते २० सेंटिमीटरवर हवा. त्याहून जवळ गेलात तर तुमच्या माईकमध्ये खर्ज फुगेल.

जवळ आल्यावर प, फ, ब, भ हे वर्ण त्रास देतील, विशेषतः फ आणि भ. तळहात तोंडासमोर धरून 'फोन' म्हणून बघा, हवेचा झोत लागेल. तो थेट माईकवर आदळला की 'धप्प' असा आवाज येतो आणि तो नंतर पुरता निघत नाही. तुमचा तर विषयच फोन! म्हणून माईक नाकासमोर नको. तोंडाच्या कोपऱ्याकडे, ३० ते ४५ अंश बाजूला ठेवून त्याचं तोंड तुमच्याकडे वळवा. झोत शेजारून निघून जाईल. जाळीचा पॉप फिल्टर मिळाला तर तो माईकपासून चार बोटं पुढे लावा.

आई, खोलीचं काम तुझ्याकडे. कपड्यांचं कपाट सताड उघडायचं आणि बाबांना माईकसह त्याच्याकडे तोंड करून उभं करायचं. मागच्या बाजूला जाड रजई टांगायची. पंखा बंद, फोन विमान मोडवर. पंख्याची घरघर सॉफ्टवेअरने काढता येते, पण फार काढली की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, त्यापेक्षा दहा मिनिटं उकडलेलं परवडलं. बोलायला सुरुवात करण्याआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करायची. दोन तुकडे जोडताना मधे तीच घालायची. तिथे कोरी शांतता घातली तर सांधा कानाला कळतो.

रेकॉर्डिंगची पातळी लावताना बाबा नेहमीच्या आवाजात बोलतात आणि मग हेल्पलाइनवरच्या त्या रेकॉर्डेड बाईचा आवाज काढताना एकदम चढतात, म्हणून २:४५ ला आवाज फाटलाय. सगळ्यांत मोठ्याने जे बोलायचं आहे तेच आधी बोलून पातळी लावायची. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाची सर्वांत उंच शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू देत. आवाज हळू वाटला तर नंतर वाढवता येतो, फाटलेला पूर्ववत होत नाही. त्या बाईच्या वाक्यांना मान जराशी वळवून माईकपासून थोडं मागे सरकलात तरी चालेल.

बायकोवरचा तो एक विनोद एका श्रोत्याला शिळा वाटलाय, आणि आईनेही समासात 'हा नको' लिहिलंय. मलाही नको वाटतो. तो सुरू होताच शेवट ओळखता येतो आणि बाकीचा भाग इतका ताजा असताना तो तिथे खुपतो. यंत्राशी झुंज हाच तुमचा धागा आहे, तोच राहू दे. हेल्पलाइनवर फोन घेणाऱ्या माणसाला तुम्ही कुठेही हिणवलं नाही, ते मला फार आवडलं.

'मंडळी' जवळजवळ प्रत्येक वाक्यात येतं. रेडिओ बहुतेक वेळा एकटा माणूस ऐकत असतो. सुरुवातीला एकदा, निरोप घेताना एकदा, पुरे. मधे नुसतं 'तुम्ही'.

हे निवेदकाचं ऑडिशन आहे, फक्त विनोदाचं नाही, हे लक्षात असू द्या. निवडणारे कार्यक्रमाचं नाव स्पष्ट येतंय का, गाण्याकडे कसं वळता, दिलेल्या वेळेत थांबता का, हेही ऐकतात. तीन मिनिटं दिली असतील तर २:५० ला संपवा. बोलण्याखालचं संगीत शब्दांविना असावं आणि इतकं खाली की लक्ष गेलं तरच कळावं. आता ते तुमच्या आवाजाशी भांडतंय.

नव्या रेकॉर्डिंगवर अभिप्राय घेताना "आवडलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. ऐकणाऱ्याला कागद द्या. हसू आलं तिथे आणि लक्ष उडालं तिथे फक्त वेळ लिहायची. मग विचारा, "हे कुणाला सांगायचं झालं तर कसं सांगाल?" त्यांच्या सांगण्यात सम आली, तर शेवट पोचला. विनोदासाठी आधी न ऐकलेली माणसंच हवीत. आई, तुला आता सगळं पाठ आहे, त्यामुळे हसू येण्याबद्दल तुझं मत धरता येणार नाही, पण गिळलेले शब्द तुझ्याइतके कुणी पकडणार नाही. एकदा इअरफोनवर ऐक आणि एकदा फोनच्या स्पीकरवर, स्वयंपाक करता करता. दुसऱ्या वेळी जे शब्द निसटतील त्यांच्यावर खूण कर.

रेकॉर्डिंग मोनो, म्हणजे एकाच चॅनेलवर, आणि आवाज न दाबता साठवणाऱ्या वेव्ह फाईलमध्ये करा. एमपी-थ्री अगदी शेवटी, एकदाच. पुन्हापुन्हा तशी साठवली की दर वेळी आवाज थोडा खराब होतो. मला व्हॉट्सॲपवर पाठवाल तेव्हा व्हॉइस नोट नको, डॉक्युमेंट म्हणून जोडा, म्हणजे फाईल आहे तशी येईल. नुसतं समेचं वाक्य तीनचार तऱ्हांनी बोलून तेही सोबत पाठवा, विराम कुठला ठेवायचा ते आपण मिळून ठरवू.

तुमची लेक