शिबिराच्या फोटोनंतर दाढेचे काय होते?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की २० तारखेच्या जागतिक मौखिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने आपल्या जिल्हा पानावर मोफत दंत तपासणी शिबिरांचे फोटो सुरू होतात. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांमुळे तसे ते वर्षभर येतच असतात. फीत, शाल, नारळ, रांगेत उभी केलेली पोरे, प्रत्येकाच्या हातात पेस्टची लहान ट्यूब आणि खाली ‘अनेकांनी लाभ घेतला’ ही ओळ. माझे तालुक्याच्या गावी एसटी स्टँडजवळ मेडिकल आहे. लाभ घेतलेल्यांपैकी बरेच जण नंतर माझ्या काउंटरवर येतात. त्यांचे पुढे काय होते ते मला दिसते, तुमच्या वार्ताहराला दिसत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

येणाऱ्याचा हात गालावर असतो आणि वाक्य ठरलेले असते, “भाऊ, दाढ दुखस, येक गोयी द्या.” शिबिरात दाखवली होती ना, असे विचारले तर खिशातून घडी घातलेला कागद निघतो. त्यावर बहुतेक वेळा ३६ किंवा ४६ असा आकडा आणि पुढे ‘उपचार आवश्यक’. दंतवैद्यांच्या हिशेबात हे आकडे म्हणजे खालच्या जबड्यातली डावी आणि उजवी पहिली मोठी दाढ. उपचार कोणी, कुठे, कधी करायचे याबद्दल कागद गप्प.

हीच दाढ इतक्या वेळा का, याचे कारण साधे आहे. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास, आधीचा एकही दात न पडता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येते. घरात कोणाला पत्ताच नसतो की ही जन्मभराची दाढ आहे. पोर रडले की आजी म्हणते, “दूधना दात शे, पडी जाई,” आणि विषय मिटतो. खरे तर पडणाऱ्या दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षे वयापर्यंत तोंडात असतात आणि खालून येणाऱ्या दातांची जागा धरून ठेवतात. त्या अकाली गेल्या की पुढचे दात वेडेवाकडे येतात. पहिली-दुसरीतल्या मुलाची ही कायमची दाढ वेळेवर कोणी पाहिली तर तिच्या वरच्या बारीक खाचा बुजवून टाकता येतात. थोड्या वेळाचे काम, सुई नाही, रडारड नाही. तीच दाढ दहावीपर्यंत तशीच राहिली तर रूट कॅनाल आणि कॅप, नाहीतर सरळ काढून टाकणे. आणि काढली म्हणजे सुटलो असेही नाही. मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची खाली-वर सरकते आणि घास चावायची बाजूच बदलते.

गोळीने काय होते तेही सांगतो, कारण गोळी विकणे हा माझा धंदाच आहे. वेदनाशामकाने दुखणे झाकले जाते. अँटिबायोटिकने सूज उतरते. पण दाढेच्या आतली नस मेली की तिथला रक्तपुरवठा संपतो, मग रक्तातून जाणारे औषध तिथवर पोहोचणार कसे? काही दिवसांनी तोच हात, तोच गाल. मधल्या काळात बीपीचा किंवा किडनीचा रुग्ण डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक पोटात ढकलत असतो. चिठ्ठी मागितली तर रागावून पुढच्या दुकानात जातो. काही जण गोळी कुटून दाढेवर धरतात आणि हिरडी भाजून पांढरी करून घेतात. लवंगेच्या तेलाने घटकाभर बधिर वाटते हे खरे, पण आतली कीड तिच्या गतीने चालूच असते.

आमच्या गावात एक दंतवैद्य आहेत. नाव लिहीत नाही. जाहिरात त्यांना आवडणार नाही. एक खुर्ची, एक मदतनीस, बाहेर बाकडे. पण त्यांच्या कपाटात घराघराच्या फायली आहेत. आजोबांची कवळी, मुलाची दाढ, सुनेच्या हिरड्या, सगळे एका फायलीत. दाढ काढायच्या आधी त्यांचा मला फोन येतो, अमुक बाबांना कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्त पातळ ठेवणारी गोळी असेल तर हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. दाढ काढायची म्हणून ती गोळी परस्पर बंद करणारे लोक मी पाहतो. दाढेपेक्षा ते कितीतरी धोक्याचे आहे. बीपीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात, फिटच्या फेनिटोइनने तर जास्तच. शिबिरात दोन मिनिटांत तोंड पाहणाऱ्याला हे कळायला मार्ग नाही. तो ‘सफाई करावी’ लिहून मोकळा होतो. मधुमेहाचेही तसेच. साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर खाली येऊ देत नाहीत. हे कळायला माणसाचे तोंड आणि त्याच्या गोळ्यांची पिशवी दोन्ही एकाच्या नजरेखाली लागतात.

बायकांचे दुखणे तर रांगेत सगळ्यात मागे. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आल्या की या दवाखान्याचे बाकडे भरून जाते. सासरी ‘दाताला काय होतंय’ म्हणून ढकललेली दाढ आई डॉक्टरांपुढे आणते. गरोदर बाईला बाळंतपण होईपर्यंत दाताला हात लावू नये ही समजूत अजून घट्ट आहे. प्रत्यक्षात चौथ्या ते सहाव्या महिन्यात दाढ भरणे, सफाई करणे बिनघोर होते, आणि पू झालेली दाढ तशीच सांभाळत बसणे आईला बरे नाही की बाळाला. लेकीला घेऊन आलेल्या आईच्या हिरड्या मिसरीने काळवंडलेल्या असतात, त्या मात्र तिला दुखत नाहीत म्हणून दिसतही नाहीत. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. घरच्या तव्यावर तंबाखू भाजणाऱ्या हाताला ती बंदी कुठून लागू होणार? तिथे ओळखीच्या डॉक्टरांनी दर खेपेला टोकणे, एवढाच उपाय मला चालताना दिसला आहे. ‘मावशी, आज किती वेळा लावली?’ असे विचारले की मावशी पदर तोंडावर घेते, पण पुढच्या खेपेला आकडा कमी सांगते. खरा की खोटा, देव जाणे.

तरुणांच्या बाबतीत मला या घरच्या दवाखान्याचे मोल सगळ्यात जास्त वाटते. नातू आजोबांना मोटारसायकलवर बसवून कवळीच्या मापाला आणतो. त्याला स्वतःला काही दाखवायचे नसते. डॉक्टर हात धुताधुता म्हणतात, “तुझीच तीन बोटे उभी करून तोंडात घाल बरं.” जात नाहीत. सुपारीने आणि गुटख्याने गालाच्या आतले अस्तर ताठरलेले असते, तिखट लागले तरी आग होते, आणि पोरगा वर्षभर ‘उष्णता आहे’ म्हणून गुलकंद खात असतो. या दुखण्यातून पुढे तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन हातावर एकत्र करायला मात्र कोणी अडवत नाही. असा मुलगा आपण होऊन दंत तपासणीच्या रांगेत कधीच उभा राहत नाही. सापडलाच तर असा, आजोबांच्या सोबतीला आलेला.

पैशाचे गणितही सांगायला हवे. आमच्याकडे दाढ कधीही दुखते, पण पैसा कापूस विकल्यावरच हातात येतो. दाढ भरणे शेकड्यात होते, रूट कॅनाल आणि कॅप हजारांत जाते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया बसते, साधी दाढ भरणे बसत नाही. म्हणजे आजार पुरता मोठा होईपर्यंत सरकारचे दार उघडत नाही. आमचे डॉक्टर आतली नस साफ करून दाढ तात्पुरती बंद करतात आणि फायलीत लिहून ठेवतात, ‘कॅप, कापूस विकल्यावर.’ दिवाळीनंतर त्यांच्या मदतनीस बाई स्वतः फोन लावतात. अशी उधारी ओळखीवरच चालते.

सगळेच दवाखाने असे आहेत असे माझे म्हणणे नाही. पहिल्याच भेटीत चार कॅपचे एस्टिमेट हातात देणारेही आहेत. १९४८ पासून दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा असूनही नोंदणी नसताना कवळ्या ‘बसवून देणारे’ आठवडे बाजारात अजून भेटतात. वरची दाढ काढली की नजर जाते, सफाई केली की दात हलतात, या समजुतींवर सगळ्यांचेच पोट भरते. (सफाईनंतर दात हलल्यासारखे वाटतात, कारण फटींत घट्ट बसलेला कीटणाचा थर निघालेला असतो, दात आधीपासूनच सैल झालेला असतो.)

सरकारी बाजूला काहीच नाही असेही नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके फिरतात: दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. किडलेले दात त्यांच्या यादीत आहेत. धुळ्यात दंत महाविद्यालय आहे. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या पाड्यावरून पोराला तिथे न्यायचे म्हणजे मजुरी बुडवा, गाड्या बदला आणि शिकाऊ डॉक्टरांच्या रांगेत बसून संध्याकाळची गाडी चुकवा. शाळेच्या तपासणीत सापडलेली दाढ जवळच्या खुर्चीपर्यंत पोहोचवायची कोणी, हा खरा प्रश्न आहे, आणि तो दर वर्षी पुन्हा नव्याने तपासणी करून सुटत नाही. मला विचाराल तर मुख्याध्यापकांनी अशा मुलांची यादी गावातल्या दंतवैद्याकडे आणि ग्रामीण रुग्णालयाकडे एकाच दिवशी पाठवावी, आणि पालकसभेत प्रगतिपुस्तकाबरोबर विचारावे, ‘४६ चे काय झाले?’ ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुले तर निघण्याआधीच दाखवायला हवीत. दिवाळीनंतर ती इथे नसतात.

आता आपल्याकडे मागणे. केळी-कापसाच्या भावाची चौकट आपण रोज न चुकता छापता, आणि ती पाहूनच आमच्याकडचा शेतकरी घराबाहेर पडतो. तिच्याच शेजारी आठवड्यातून एकदा लहानशी चौकट द्यावी: जिल्ह्यातल्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंत शल्यचिकित्सक कोणत्या वारी बसतात, खुर्ची चालू आहे का, दाढ भरतात की फक्त काढतात. ही माहिती मला गिऱ्हाइकांना सांगायची असते आणि धड कुठे मिळत नाही. शिबिरांचे फोटोही जरूर छापा. फक्त वार्ताहराने आयोजकांना विचारून त्याच बातमीत लिहावे, की ‘उपचार आवश्यक’ असे कागद ज्यांना दिले त्यांची यादी कोणाकडे सोपवली आणि त्यांचे काम कोण, कुठे, कोणत्या वारी करणार आहे. आयोजकांकडे उत्तर नसेल तर तेही छापावे.

आपला,
एक औषध विक्रेता
जि. जळगाव
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)