लॅबमधल्या एडिटरचे रंग मुलांना बदलू द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका डिप्लोमा कॉलेजात गेली बावीस वर्षं प्रोग्रॅमिंग शिकवते, आधी सी आणि आता जोडीला पायथन. मुलं ज्यात कोड लिहितात त्या एडिटरच्या रंगांबद्दल हे पत्र आहे. पेपरात लिहिण्याइतका हा विषय मोठा आहे का असं काही जणांना वाटेल, पण प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आल्यात आणि मागच्या वर्षी माझ्याच लॅबमध्ये जे झालं ते अजून मनातून जात नाही, म्हणून लिहितेय.

दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा. शांत, वही नीटनेटकी, ओरलला विचाराल ते सांगणार, पण मशीनसमोर बसला की अडकणार. त्या दिवशी स्टॅकचा मेनूवाला प्रोग्रॅम होता, पुश, पॉप, डिस्प्ले, एक्झिट असे चार पर्याय स्क्रीनवर यायला पाहिजेत, आणि याच्याकडे पहिला आणि चौथाच येत होता, मधले दोन गायब. कंपाइल, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर, व्यवस्थित होत होतं, एकही एरर नाही. वीस मिनिटं तो वरखाली करत बसला होता आणि मी दोनदा जाता जाता म्हटलं, अरे नीट बघ की, समोर दिसतंय. तिसऱ्यांदा तो हळूच म्हणाला, मॅडम, मला खरंच नाही दिसत. मला वाटलं आळस करतोय. मी बोललेसुद्धा त्याला, सगळ्यांसमोर.

मग त्याच्या खुर्चीमागे उभं राहून बघितलं. वरच्या कॉमेंटच्या, म्हणजे वाचणाऱ्यासाठी लिहिलेल्या आणि मशीनने सोडून द्यायच्या टिपेच्या, शेवटी त्याने स्टार टाइप केला होता, स्लॅश राहिला होता. सी मध्ये कॉमेंट एकदा उघडली की पुढचा स्टार-स्लॅश येईपर्यंत सगळं कॉमेंटच धरलं जातं, आणि दोन ओळींखाली दुसरी एक कॉमेंट होती, तिच्या शेवटी तो मिळाला, त्यामुळे कंपायलरची काहीच तक्रार नाही, मधले दोन प्रिंटएफ, म्हणजे स्क्रीनवर मजकूर दाखवणाऱ्या आज्ञा, मात्र गिळले गेले. मला ते लांबूनही कळलं कारण एडिटर कॉमेंट हिरव्या रंगात दाखवतो, त्या दोन ओळी अख्ख्या हिरव्या झाल्या होत्या आणि वरखालच्या ओळींमधला मजकूर विटकरी होता. मी त्याला विचारलं, या दोन ओळींचा रंग कुठला दिसतो तुला? म्हणाला, वरच्यासारखाच, प्रिंटएफ शब्द जरा मंद झालाय एवढंच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंतर बाहेर व्हरांड्यात त्याने सांगितलं की त्याच्या मामाला रेल्वेत लोको पायलट व्हायचं होतं, तो मेडिकलला ठिपक्यांच्या गोलातले आकडे वाचता न आल्याने बाहेर पडला, आणि याचंही तसंच आहे, पण वर्गात कळलं तर मुलं हिरवा कुठला लाल कुठला विचारून जीव नकोसा करतील म्हणून कुणाला बोलला नव्हता.

ठिपक्यांची ती चाचणी जपानच्या इशिहारा यांनी १९१७ मध्ये काढली, म्हणजे रंगांधळेपणा ओळखायला येऊन शंभर वर्षं उलटली. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, म्हणून हे मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त सापडतं आणि पुष्कळदा आईकडून येतं, मामा-भाच्याची जोडी त्यामुळेच. युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण बारात एक असं प्रमाण सांगतात. आपल्याकडे ते कमी आहे असं धरलं तरी साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एखाद-दुसरा निघतोच. बावीस वर्षांत माझ्या हाताखालून असे किती गेले असतील आणि किती जणांना मी नीट बघ म्हटलं असेल, याचा विचार केला की वाईट वाटतं.

त्या दिवशी लॅब सुटल्यावर आम्ही दोघं बसलो आणि रंग बदलले. आमच्याकडे व्हीएस कोड हा एडिटर आहे, त्यात सेटिंग्जच्या जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन जागा आहेत, एक वर्कबेंच डॉट कलर कस्टमायझेशन्स, म्हणजे मागचा रंग, सिलेक्शन, चालू ओळ, शोधलेला शब्द वगैरे, आणि दुसरी एडिटर डॉट टोकन कलर कस्टमायझेशन्स, म्हणजे कॉमेंट, स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर), कीवर्ड (भाषेचे ठरलेले शब्द), आकडे या अक्षरांचे रंग. अख्खी थीम, म्हणजे तयार रंगसंच, बदलायची गरज नाही, आहे तीच ठेवून हवा तेवढाच रंग बदलता येतो. कॉमेंटचा रंग तर बदललाच, पण खरा उपयोग झाला तो फॉन्ट स्टाइलचा, कॉमेंट तिरक्या अक्षरात टाकली. मग मी मुद्दाम त्याचा तो स्लॅश परत काढला. दोन ओळी तिरक्या झाल्या आणि त्याने लगेच बोट ठेवलं, म्हणाला, इथे. रंग न ओळखताही त्याला कळलं, कारण आता फरक आकाराचा होता. वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक नियम आहेत, त्यातही हेच सांगितलंय की कुठलीही माहिती फक्त रंगातून सांगायची नाही.

त्याच नियमांत अक्षर आणि मागचा रंग यांच्यातल्या कॉन्ट्रास्टचा आकडा दिलाय, साध्या मजकुराला कमीत कमी ४.५ ला १. मी घरी बसून व्हीएस कोडच्या डार्क प्लस थीमचं गणित मांडलं. काळ्या पाटीवर हिरवी कॉमेंट साधारण ५ ला १ येते, म्हणजे पास. पण तीच ओळ माउसने सिलेक्ट केली की मागे गडद निळा पट्टा येतो आणि त्यावर तीच हिरवी अक्षरं अडीचच्या आसपास घसरतात. म्हणजे ज्या ओळीकडे मुलगा त्या क्षणी सगळ्यात जास्त लक्ष देतोय तीच सगळ्यात कमी दिसते! हे तर धडधाकट डोळ्यांनाही जड जातं, माझे डोळे आता चाळिशीचा चष्मा लागलेले, मला सिलेक्शनमधली कॉमेंट वाचायला मान पुढे न्यावी लागते.

यावर उपाय शोधताना बरेच जण चुकतात म्हणून जरा सविस्तर लिहिते. सिलेक्ट केलेल्या अक्षरांचा रंग बदलायची सेटिंग यादीत दिसते, पण ती फक्त हाय कॉन्ट्रास्ट थीममध्येच चालते, साध्या थीममध्ये कितीही वेळा लिहिली तरी काही होत नाही, मुलं तासभर डोकं आपटतात. साध्या थीममध्ये बदलायचा तो मागचा पट्टा. आणि तो पूर्ण भरीव ठेवायचा नाही, रंगाच्या सहा आकडी कोडमागे अजून दोन आकडे लावता येतात ते पारदर्शकपणाचे, ८० लावलं की रंग साधारण अर्धा पारदर्शक होतो आणि खालच्या खुणा झाकल्या जात नाहीत. त्याच शब्दाच्या फाइलमधल्या बाकीच्या जागा हलक्या रंगाने उजळतात त्याची सेटिंग वेगळी, शोधून सापडलेल्या शब्दाची वेगळी. हे तीन रंग एकमेकांपासून ओळखू आले पाहिजेत, नाहीतर आपण नक्की काय सिलेक्ट केलंय तेच कळत नाही आणि डिलीट दाबल्यावर भलतंच उडतं. आणि एवढं सगळं करायचं नसेल तर कोड साठवायच्या गिटहब या साइटची रंगांधळ्यांसाठी वेगळी केलेली थीम आहे, तिच्यात कोडमधले बदल दाखवायला लाल-हिरव्याऐवजी केशरी-निळा वापरलाय, ती टाकली तरी बरंच काम होतं.

तर महिना-दीड महिन्यात तो मुलगा सुटा झाला, प्रोग्रॅम वेळेत पूर्ण व्हायला लागले. आणि मग परीक्षा आली. परीक्षेच्या दिवशी मशीन परत मूळ रंगावर आणलेली, आणि त्याने विचारलं तर तिथल्या जबाबदार व्यक्तीने सांगितलं, सेटिंगला हात लावायचा नाही, सगळ्यांना सारखंच असलं पाहिजे. मी तिथे नव्हते. पोरगं पास झालं, पण प्रोग्रॅम अर्धा राहिला आणि निकालानंतर मला म्हणाला, मॅडम मी पुढे सॉफ्टवेअर घेऊ का नको. ज्याचं लॉजिक वर्गात सगळ्यात चांगलं त्याने हे विचारावं!

सगळ्यांना सारखं म्हणजे काय, एवढंच मला विचारायचंय. परीक्षेला बसताना चष्मा काढून ठेवा, सगळ्यांना सारखं दिसू दे, असं आपण कुणाला म्हणत नाही. रंग बदलल्याने उत्तर मिळत नाही, कॉपी होत नाही, एक अक्षर जास्तीचं येत नाही. आपल्या पुण्यातच एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेत रंगांधळेपणामुळे एका उमेदवाराला फिल्म एडिटिंगच्या कोर्सला प्रवेश नाकारला होता, ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०२२ मध्ये कोर्टाने संस्थेला सांगितलं की अशा विद्यार्थ्यांना कोर्सेसपासून बाहेर ठेवू नका, गरज असेल तिथे अभ्यासक्रमात सोय करा. जिथे रंगावरच सगळं काम चालतं त्या सिनेमाच्या शिक्षणात हे होऊ शकतं तर सी च्या प्रोग्रॅमला काय अडचण आहे?

लॅब असिस्टंट मंडळींची अडचण मला माहितीय आणि ती खरी आहे. एका मशीनवर दिवसात तीन बॅच बसतात, सगळे एकाच लॉगिनने, एकाने रंग बदलले की पुढच्याला ते मिळतात आणि मग आरडाओरडा. पण त्याला साधी वाट आहे. व्हीएस कोडमध्ये हीच सेटिंग कामाच्या फोल्डरच्या आत ठेवता येते, डॉट व्हीएस कोड नावाच्या छोट्या फोल्डरमध्ये, मग ती त्या फोल्डरपुरतीच लागू होते. मुलाने आपला फोल्डर उघडला की त्याचे रंग, बंद केला की मशीन पहिल्यासारखं. परीक्षेत परीक्षकाने तो फोल्डर आधी उघडून बघावा, आत रंगांच्या दहा-बारा ओळींशिवाय काही नाही याची खात्री करावी आणि द्यावा. इंटरनेट बंद ठेवा, पेनड्राइव्ह बंद ठेवा, ते बरोबरच आहे, रंग कशाला बंद ठेवायचे.

ज्यांच्याकडे अजून नोटपॅड प्लस प्लस आहे त्यांनाही हे जमतं, सेटिंग्जमध्ये स्टाइल कॉन्फिगरेटर आहे, त्यात सिलेक्शनचा, चालू ओळीचा, कॉमेंटचा रंग आणि तिरकं-ठळक सगळं माउसने बदलता येतं. आमच्या पिढीने टर्बो सी या जुन्या एडिटरच्या निळ्या पाटीवर पिवळी अक्षरं बघत काढली आणि काही बदलता येतं असं कुणी सांगितलंच नाही, म्हणून आपणही मुलांना सांगत नाही.

जाता जाता शिक्षकांसाठी एक गोष्ट. प्रोजेक्टरवर डार्क थीम लावून शिकवू नका. खिडकीतून ऊन आलेलं असतं, भिंत पांढरी, मागच्या बाकावर फक्त राखाडी चौकोन दिसतो आणि तुम्ही सिलेक्ट केलेली ओळ तर अजिबात दिसत नाही. मी स्वतः मागच्या बाकावर जाऊन बसून बघितलंय. शिकवताना उजळ थीम आणि सिलेक्शनला जरा दाट पिवळा पट्टा ठेवला की शेवटच्या रांगेतूनही बोट कुठे आहे ते कळतं. आणि डार्क मोड डोळ्यांना चांगला असं सरसकट सांगू नका, ज्यांना सिलिंड्रिकल नंबर असतो त्यातल्या बऱ्याच जणांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात.

यंदा मी पहिल्याच लॅबला अर्धा तास फक्त यासाठी ठेवला. कुणाला रंग दिसत नाहीत असं हात वर करून विचारलं नाही, सगळ्यांनाच आपापले रंग लावायला सांगितले आणि एक कॉमेंट उघडी ठेवलेला प्रोग्रॅम शोधायला दिला. दोन मुलांनी कॉमेंट तिरकी करून घेतली, काही न बोलता. जाड भिंगाच्या चष्म्याच्या एका मुलीने पांढरी पाटी आणि मोठी अक्षरं घेतली आणि विचारलं, मॅडम हे परीक्षेत चालेल ना?

मला तिला हो म्हणता आलं नाही. परीक्षा घेणाऱ्या मंडळाने एक ओळीची सूचना काढली तरी ते म्हणता येईल, आणि ती या सत्राच्या प्रॅक्टिकलआधी निघावी एवढीच माझी विनंती आहे.

आपली नम्र,
एक प्रोग्रॅमिंग शिक्षिका,
जि. सांगली